उरलेला चौऱ्याऐंशी किलो बांबू

(दृश्य: हिंगणा एमआयडीसीतलं शेड. तळहातावर अगरबत्तीच्या काड्या.)

ही काडी नऊ इंच लांब, 1.3 मिलिमीटर जाड. अगरबत्तीचं यंत्र मिनिटाला दीडशे-दोनशे काड्या ओढतं. एखादी जरा जाड निघाली की नोझलमध्ये अडकते आणि यंत्र थांबतं. व्हिएतनामच्या काडीला गिऱ्हाईक आहे ते नुसतं दरामुळे नाही. तिचा गठ्ठा सोडला की पहिली आणि शेवटची काडी सारखी निघते.

ऑगस्ट 2019 मध्ये तयार अगरबत्तीच्या आयातीवर निर्बंध आले. जून 2020 मध्ये बांबूच्या काडीवरचं आयात शुल्क 10 वरून 25 टक्के झालं. विदर्भातल्या काडीला त्यामुळे जागा मिळाली. पण शुल्काने बांबू बदलत नाही.

(दृश्य: करवतीखाली बांबू.)

गडचिरोली-चंद्रपूरचा मानवेल जातीचा बांबू कणखर, पण पेर, म्हणजे दोन गाठींमधला भाग, आखूड. 35 सेंटिमीटरच्या पेरातून 23 सेंटिमीटरची एक काडी-लांबी निघते, 12 सेंटिमीटर उरतं. गाठ काडीत घेता येत नाही, काडी तिथेच मोडते. कामट्या चिरताना, काडी गोल करताना आणखी भुसा जातो. शंभर किलो बांबूतून हाती साधारण 16 किलो काडी येते.

आता हिशोब मांडा. बांबू किलोला 6 रुपये धरला, तर काडीच्या किलोमागे नुसत्या बांबूचे साडेसदतीस रुपये. मजुरी, वीज वेगळी. या आकड्यावर आयात काडीशी दराची झुंज देऊ नका, त्यात छोटा कारखाना बुडतो. उरलेले 84 किलो 3 रुपयांनी जरी गेले, तर तोच आकडा पावणेबावीसवर येतो.

(दृश्य: कोळशाची भट्टी.)

म्हणून आखूड तुकडे दातकोरणीला, गाठी आणि भुसा कोळशाच्या भट्टीला. हाच कोळसा दळून अगरबत्तीच्या मसाल्यात जातो, म्हणजे गिऱ्हाईक ओळखीचंच. मे 2022 पासून बांबूच्या कोळशाची निर्यातही खुली आहे.

माल परत येतो तो बहुतेक पावसाळ्यात. काडी नीट वाळलेली नसली की मसाल्याखाली बुरशी धरते. बांबू तीन वर्षांचा, हिवाळ्यात तोडलेला घ्या. कोवळ्यात भुंगा लवकर लागतो.

(दृश्य: जाडी मोजायचं व्हर्नियर कॅलिपर.)

गठ्ठा बांधण्याआधी त्यातल्या वीस काड्या मोजा. एक जरी जाड निघाली, तरी डाय, म्हणजे काडी गोल करायचा साचा, तपासा, मगच पुढचा बांबू चढवा.