ऊन लागलं म्हणे! खान्देशातल्या त्वचेची गोष्ट

(दृश्य: दुपारचा रस्ता, रसवंती, तोंड बांधून स्कूटीवर चाललेल्या मुली)

आपल्या खान्देशात अंगावर काहीही उठलं ना, की उत्तर ठरलेलं असतं. "काय व्हयनं व माय?" "काही नई, ऊन लागनं." मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५च्या पुढे जातो त्यामुळे उन्हावर ढकलून देणं सोपं आहे, पण सगळंच काही उन्हाचं नसतं, आणि जे उन्हाचं नाही त्याला ऊन म्हणत बसलं की त्या माणसाचे महिनेच्या महिने खाजवण्यात जातात.

घामोळं घ्या. ते गरमीचंच. घामाच्या नळ्या बंद होतात, घाम कातडीखाली अडकतो आणि बारीक टोचणारं पुरळ येतं. सैल सुती कपडे, गार पाण्याची आंघोळ, जरा वारा, बस, काही दिवसांत बसतं.

(दृश्य: शेताचा बांध, पांढऱ्या बारीक फुलांचं गाजर गवत)

आता हे बघा. गाजर गवत, काही जण काँग्रेस गवत म्हणतात. बाहेरच्या देशातून आलेलं तण, १९५५च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा लोकांच्या लक्षात आलं आणि आता धुळे, जळगाव, नंदुरबार कुठेही जा, बांधावर, रुळांच्या कडेला, शाळेच्या कंपाऊंडला कमरेएवढं उभं असतं. त्याचे परागकण आणि वाळलेल्या पानांचा चुरा हवेतून अंगावर बसतो. सगळ्यांना त्रास होत नाही, पण एखाद्याला वर्षानुवर्षं काही न होता एक दिवस ॲलर्जी सुरू होते आणि मग चेहरा सुजतो, मानेची कातडी जाड काळी पडते, रात्र रात्र खाज. आणि घरचे काय म्हणतात? ऊन लागलं.

ओळखायचं कसं? जागा बघा. ऊन जिथे पोचतं तिथेच उन्हाचा चट्टा येतो, म्हणजे नाक, गाल, मानेची मागची बाजू, हाताची वरची बाजू. पापण्यांवर, हनुवटीखाली, कानामागे, कोपराच्या आतल्या घडीत ऊन फारसं पोचत नाही, पण धूळ बरोबर पोचते. तिथे पुरळ असेल तर गवताचा संशय घ्या आणि डॉक्टरला आपण शेतात काम करतो हे आधी सांगा. ज्याला ही ॲलर्जी आहे त्याने ते उपटायला जायचंच नाही, बाकीच्यांनी फुलं यायच्या आधी, हातमोजे घालून, अंग झाकून उपटायचं.

पांढरा डाग दिसला की घरात वेगळीच भीती. खरं तर पांढऱ्या डागांचे प्रकार आहेत. छाती-पाठीवर बारीक कोंडा सुटणारे फिकट डाग, ते बहुतेक शिबं, बुरशीचा प्रकार, घामात वाढतो, औषधाने जातो पण रंग भरायला वेळ लागतो, तेवढा धीर धरा. दुधासारखा पांढराशुभ्र डाग म्हणजे कोड असू शकतं. ते स्पर्शाने पसरत नाही, मासे-दूध एकत्र खाल्ल्याने होत नाही, आणि त्यापायी मुलीचं लग्न मोडणं हा निव्वळ अन्याय आहे. तिसरा प्रकार मात्र थांबण्यासारखा नाही. फिकट किंवा लालसर चट्टा आणि तिथे स्पर्श कळत नाही, गरम-गार कळत नाही, तर लगेच सरकारी दवाखान्यात जा, कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. औषध तिथे मोफत मिळतं, पूर्ण घेतलं तर रोग बरा होतो, उशीर केला तर हातापायाच्या नसा जातात.

(दृश्य: मेडिकलचं काउंटर, ट्यूबांची रांग)

आणि ही ट्यूब, गजकर्णाला तीच, वांगाला म्हणजे चेहऱ्यावरच्या काळपट डागांना तीच, गोरं व्हायलाही तीच! अशा बऱ्याच मिक्स ट्यूबांमध्ये स्टेरॉइड असतं, म्हणजे खाज-सूज पटकन दाबणारं औषध. गजकर्णावर लावली की दोन दिवसांत खाज थांबते, माणूस खूश, पण बुरशी मरत नाही, ती आतल्या आत पसरते आणि महिन्याभराने मांडीवरचा चट्टा कमरेपर्यंत आलेला असतो. चेहऱ्यावर लावत राहिलं तर कातडी पातळ होते, लाल पडते, केस यायला लागतात, आणि थांबवलं की भडका. गजकर्णाला बुरशीचं औषध लागतं, चट्टा दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर सांगतील तोवर, आणि घरात टॉवेल वेगळा.

वांगाचं मात्र उन्हाशी घट्ट नातं आहे. गरोदरपण, हार्मोनच्या गोळ्या, घराण्यातून आलेला कल हे सगळं असतंच पण ऊन ते गडद करतं, म्हणून उन्हापासून झाकल्याशिवाय कुठलंही क्रीम टिकत नाही. सनस्क्रीन वापरणार असाल तर एसपीएफ ३० पुरतं, ते उन्हातली कातडी भाजणारी यूव्हीबी किरणं ९७ टक्क्यांच्या आसपास अडवतं, फक्त कातडीत खोल जाणारी यूव्हीए किरणंही अडवणारं आहे ना ते ट्यूबवर बघून घ्या. चेहरा-मानेला दोन बोटं भरून लावा आणि दर दोनेक तासांनी किंवा खूप घाम आला की परत. वाटाण्याएवढं लावून काही होत नाही.

(दृश्य: कापूस वेचणाऱ्या बायका, साडीवर नवऱ्याचा फुल बाह्यांचा शर्ट)

पण शेतात दर दोन तासांनी कोण लावणार, आणि परवडणार कुणाला? या मावश्यांचं बघा. साडीवर जुना फुल शर्ट, डोक्याला-तोंडाला रुमाल. हे उत्तम संरक्षण आहे, मनापासून सांगतो, क्रीमपेक्षा भरवशाचं. कापड घट्ट विणीचं हवं, पातळ पांढरं कापड घामाने ओलं झालं की किरणं आत येतात. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड दिसली की किरणं जोरात आहेत समजा, आणि जमलं तर तेवढा वेळ झाडाखालचं काम काढा. पुरुषांनो, टोपीने कान आणि मान झाकत नाही, उपरणं घ्या.

महिनाभर न भरणारी जखम, रंग-आकार बदलणारा तीळ, घरातल्या दोघा-तिघांना एकदम रात्रीची खाज, हे दाखवायलाच हवं. ती खाज खरूज निघाली तर औषध सगळ्या घराने एकाच रात्री लावायचं असतं, नाहीतर फिरून येते. धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेज आहे. जाताना आधी लावलेली ट्यूब लपवू नका, रिकामी असली तरी पिशवीत टाकून न्या, ती बघितल्यावर डॉक्टरचं निम्मं काम होतं.