चपट्या डब्यातली वाट: अकोल्याच्या मे महिन्यातला डेस्कटॉप

(दृश्य: दुपार. सेतू केंद्राबाहेर रांग. आत कुलरची घरघर.)

अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो. त्यात बारावीचा निकाल लागला, की दाखल्यांची झुंबड उडते. उत्पन्नाचा, जातीचा, अधिवासाचा, नॉन-क्रीमीलेअरचा. केंद्रातला संगणक सकाळी गुमान चालतो, दुपारी मात्र रडायला लागतो. आधी पान उघडायला वेळ, मग स्कॅन अर्ध्यावर अडकतं आणि एकदम सगळं बंद. रांगेतली माणसं सर्व्हरच्या नावानं बोटं मोडतात. पुष्कळदा दोष सर्व्हरचाच असतो, म्हणा. पण सर्व्हर कितीही बिघडला तरी टेबलावरची मशीन बंद पडत नाही.

(दृश्य: टेबलाखालच्या कप्प्यात कोंबलेला काळा कॅबिनेट.)

हा सेकंडहँड स्लिम डेस्कटॉप. मोठ्या कचेऱ्या काही वर्षं वापरून असे संगणक काढून टाकतात आणि ते गावोगावच्या केंद्रांत, क्लासेसमध्ये, दुकानांत येतात. जाडी जेमतेम साडेनऊ सेंटिमीटर. मशीन चांगली असते, पण ती घडवलेली असते एसीच्या खोलीसाठी. अशा मॉडेलांच्या माहितीपत्रकात खोलीचं तापमान सहसा ३५ अंशांपर्यंतच धरलेलं असतं.

आतला पंखा हवा थंड करत नाही, फक्त ढकलतो. त्यामुळे खोली जितकी तापेल, साधारण तितकाच प्रोसेसरही वर चढतो. बऱ्याच इंटेल प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. ती गाठली, की प्रोसेसर आपला वेग स्वतःच कमी करतो. अर्जाचं पान रेंगाळतं ते तेव्हा. त्यानंही भागलं नाही, तर तो वीज तोडून मोकळा होतो.

(दृश्य: झाकण काढून ठेवलेला कॅबिनेट, समोर टेबल फॅन.)

मग पहिला घरगुती उपाय होतो: झाकण काढा, पंखा लावा. मोठ्या टॉवरमध्ये हे खपून जातं. स्लिम डब्याचं गणित वेगळं. इथे हवा पुढच्या जाळीतून आत येते, प्लास्टिकच्या आच्छादनातून हीटसिंकवरून, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पात्यांवरून, जाते आणि मागून बाहेर पडते. कित्येक मॉडेलांत झाकण हीच या वाटेची एक भिंत असते. भिंत काढली, की हवा हीटसिंकला बगल देऊन निघून जाते. टेबल फॅन थोडा आधार देतो खरा, पण सोबत रस्त्याची धूळही आत पोहोचवतो.

कुलरचा झोत थेट कॅबिनेटवर सोडणं तर त्याहून वाईट. वाळ्याच्या जाळीतून आलेली ओलसर हवा, झेरॉक्सच्या कागदाचा भुगा आणि धूळ, तिन्ही एकत्र आले की काय होतं ते बघा.

(दृश्य, अगदी जवळून: हीटसिंकच्या पात्यांमध्ये बसलेला करडा थर.)

हा नमदा फुंकून निघत नाही. दुरुस्ती करणारे आधी वायर काढतात, मग रंगकामाच्या ब्रशनं थर मोकळा करतात आणि त्यानंतर ब्लोअर मारतात. ब्लोअर मारताना पंख्याच्या पात्यांत बोट किंवा काडी धरायची. मोकळा सोडला तर तो भन्नाट फिरतो आणि बेअरिंग जातं. एसएमपीएसची, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याची, जाळी बाहेरूनच साफ करायची. तो डबा उघडायचा नाही, वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असू शकते.

मशीन जुनी असेल, तर हीटसिंकखालची, प्रोसेसरची उष्णता त्याच्यापर्यंत पोहोचवणारी पेस्ट वाळून खडूसारखी झालेली असते. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून नवी लावायची, तुरीच्या दाण्याएवढी. जास्त लावून गारवा वाढत नाही, नुसता चिकटा होतो. स्क्रू आवळताना कोपऱ्यावरून समोरच्या कोपऱ्याला जायचं, म्हणजे दाब सारखा बसतो.

(दृश्य: कॅबिनेट टेबलावर येतो. मागची भिंत आणि त्याच्यात वीतभर जागा.)

एरवी साफ करून झाला, की तो पुन्हा कप्प्यातच जातो! कॉम्प्युटर टेबल बनवणाऱ्यांनी हा बंद कप्पा कोणासाठी काढला, कोण जाणे. मागून निघालेली गरम हवा आतच घुमते आणि पुढच्या जाळीतून परत खेचली जाते. कॅबिनेट टेबलावर ठेवा, पुढे-मागे निदान चार इंच मोकळे सोडा, वर फायलींचा गठ्ठा नको. कुलर खोली गार करायला लावा, त्याचं तोंड दुसरीकडे करा आणि खिडकी उघडी ठेवा. नाहीतर खोलीत दमट हवाच कोंडते.

इतकं करूनही दुपारी मशीन कुरकुरली, तर विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ १०० वरून ९९ टक्क्यांवर आणून पाहावं. सहसा त्यानं टर्बो वेग, म्हणजे काम वाढलं की प्रोसेसर आपोआप घेतो तो जादा वेग, बंद होतो आणि तापमान उतरतं. दाखल्याचा अर्ज भरायला टर्बो लागतोच कुठे? पावसाळा लागला, की आकडा परत १०० करायचा.