अपघाताच्या जागी पहिले आपणच पोचतो

श्रोतेहो, नमस्कार.

उसाचा हंगाम ऐन भरात होता. रात्री साडेआठच्या सुमारास निपाणी भागातल्या एका आडरस्त्यावर मोटारसायकल मागून उसाच्या ट्रॉलीवर आदळली. ट्रॉलीला ना रिफ्लेक्टर, ना मागचा दिवा. माझे दोन विद्यार्थी त्याच वाटेनं घरी चालले होते. दुसऱ्या दिवशी ते मला सांगत होते, "सर, आम्ही लगेच उचललं की ओ त्याला. यानं हात धरले, मी पाय धरले, आणि टेम्पोत घातलं."

तो तरुण वाचला. पण ते हात-पाय धरून उचलणं माझ्या मनातून जाईना. मान किंवा पाठीचा कणा दुखावला असेल, तर असं उचलल्यानं माणूस जन्माचा लुळा पडू शकतो. पोरांनी जिवाभावानं केलं, त्यांना मी काय बोलणार? दोघंही बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. शाळा-कॉलेजात पंधरा वर्षं काढली त्यांनी, आणि जखमी माणसाला कसं हलवावं हे आम्ही शिक्षकांनी त्यांना एकदाही शिकवलं नव्हतं.

म्हणून मला आज एक मागणी मांडायची आहे. आपल्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या प्रत्येक कॉलेजात वाहन चालवणं आणि आपत्तीला तोंड देणं हे दोन्ही मिळून एक विषय म्हणून शिकवावं. पुढं आपत्ती व्यवस्थापनाच्या क्षेत्रातच जायचं असेल त्यांच्यासाठी इग्नू या मुक्त विद्यापीठाचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे, मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतही हे शिक्षण मिळतं. माझं म्हणणं त्यांच्याबद्दल नाही. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. करणाऱ्या, रोज दुचाकीवरून कॉलेजला येणाऱ्या सगळ्यांबद्दल आहे.

आपली पोरं गाडी शिकतात कशी? गावच्या माळावर, चुलतभावाच्या मागं बसून. मग आरटीओत इंग्रजी आठचा आकडा काढला की लायसन हातात. केंद्र सरकारनं २०२१ साली मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांसाठी नियम केले, त्यात हलक्या मोटारीसाठी २९ तासांचं शिक्षण ठरवलंय, त्यात वर्गातले तासही आहेत. एवढे तास कॉलेजच्या एका सत्रात सहज बसतात.

वर्गात काय सांगावं, याचं एक उदाहरण देतो. ताशी ६० किलोमीटरनं जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. समोर ट्रॉली दिसली, मेंदूला कळलं आणि पाय ब्रेकवर गेला, यात दीड सेकंद धरा. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच २५ मीटर संपले. अंधारात, मंद दिव्यात, बिनरिफ्लेक्टरची ट्रॉली तेवढ्या अंतरावरून दिसते का? फिजिक्सच्या सरांनी हे गणित एकदा फळ्यावर सोडवून दाखवावं.

चोर्ला घाटाच्या रस्त्यावर आयुष्य घालवलेले बसचे चालक आज निवृत्त होऊन घरी बसलेत. त्यांना वर्गात बोलवा. उतारावर सारखा ब्रेक दाबून धरला तर तो तापून निकामी होतो, म्हणून गाडी खालच्या गिअरमध्ये उतरवायची, हे त्यांच्याइतकं नीट कोण सांगणार?

आणि पावसाळा. कल्लोळ-येडूर, कारदगा-भोज, जत्राट-भिवशी हे पूल पाण्याखाली जाणं आपल्याला नवीन नाही. तरी कुणीतरी "रोजचाच रस्ता हाय" म्हणत गाडी घालतो. वाहतं पाणी अर्धा फूट असलं तरी उभ्या माणसाचे पाय सुटू शकतात. फूटभर पाण्यात लहान मोटार तरंगायला लागते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी थेट राष्ट्रीय महामार्गावर आलं आणि पुणे-बेंगळुरू वाहतूक ठप्प झाली. तेव्हा अडकलेल्या ट्रकवाल्यांना भाकरी पोचवायला गावोगावची पोरं धावली. मन त्यांच्याकडं आहेच. दोरी कशी बांधायची, पाण्यात कुणी उतरायचं आणि कुणी अजिबात उतरायचं नाही, हे मात्र शिकवावं लागतं.

आता आपल्या भागाची खास अडचण. निपाणी कर्नाटकात, आणि लगतचं अर्जुननगर महाराष्ट्रात. रुग्णवाहिकेचा १०८ नंबर दोन्ही राज्यांत आहे, पण मोबाईलला टॉवर पलीकडचा लागला तर फोन पलीकडच्या राज्यात जाऊ शकतो. म्हणून पहिल्याच वाक्यात राज्य, तालुका आणि जवळची खूण सांगायची. समोरचा कन्नडमध्ये बोलला तरी घाबरून फोन ठेवू नका. 'अपघात' हा शब्द कन्नडमध्येही अपघातच आहे, रक्त म्हणजे रक्तच, आणि रस्त्याला ते 'रस्ते' म्हणतात. श्वासाला 'उसिरु' म्हणतात, एवढा एक शब्द पाठ केला तरी श्वास चालू आहे की नाही हे सांगता येईल. अशी वीस-पंचवीस वाक्यं मराठी मुलांना कन्नडमधून आणि कन्नड मुलांना मराठीतून शिकवायला हवीत. जखमी माणूस कुठल्या भाषेतला असेल, कुणाला ठाऊक?

लोक थांबत नाहीत, कारण पोलिसांचं लचांड नको वाटतं. पण २०१६ साली सर्वोच्च न्यायालयानं मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आलं. मदतीला गेलेल्यानं नाव सांगायलाच पाहिजे अशी सक्ती नाही. दवाखाना त्याला अडवून ठेवू शकत नाही, पैसेही मागू शकत नाही. मी वर्गात विचारलं, तेव्हा यातलं एकालाही माहीत नव्हतं.

त्या दोन विद्यार्थ्यांना मी नंतर मैदानावर नेलं आणि सराव घेतला. आधी आपली गाडी बाजूला, इंडिकेटर चालू. एकानं मागं जाऊन येणारी वाहनं थांबवायची. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडकं दाबून धरायचं. पाणी पाजायचं नाही. श्वास चालू असेल तर हेल्मेट ओढून काढायचं नाही. गाडी पेटायचा किंवा दुसरी येऊन आदळायचा धोका नसेल तर रुग्णवाहिका येईपर्यंत हलवायचंच नाही. हलवावंच लागलं तर डोकं, मान आणि पाठ एका रेषेत धरून, चौघांनी मिळून. दोन तासांत पोरं हे शिकली.

प्राचार्यांना माझी विनंती आहे, येत्या सत्रात शनिवारचे दोन तास यासाठी काढा. शिकवायला मी येतो, कुठल्याही गावच्या कॉलेजात.

नमस्कार.