सोळावा सेक्शन आणि एका खोलीची शाळा

मंडळी, आधी जिओकॅशिंग या खेळाची माहिती उरकून टाकतो. अमेरिकी सरकार जीपीएसच्या नागरी संकेतात मुद्दाम चूक मिसळत असे. ठिकाण शंभरेक मीटर इकडेतिकडे दिसायचं. २ मे २००० ला ही भेसळ बंद झाली आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर या गृहस्थांनी ऑरेगनमधल्या बीव्हरक्रीकजवळ एक बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. तेव्हापासून हा खेळ सुरू आहे. डबा शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं, डबा होता तिथे ठेवायचा.

मला डब्यांपेक्षा ते जिथे नेऊन सोडतात त्या जागांमध्ये जास्त रस आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस-नेब्रास्का राज्यांच्या मोकळ्या माळावर तुम्ही जीपीएसवरचा बाण बघत जाता आणि दोन कच्चे रस्ते एकमेकांना काटकोनात छेदतात तिथे शेताच्या कोपऱ्यात एका जुन्या शाळेची एकुलती खोली उभी दिसते. आसपास वस्ती नाही. मग शाळा इथे कशी?

याचं उत्तर १७८५ च्या जमीन-मोजणीच्या कायद्यात आहे. सहा मैल लांब, सहा मैल रुंद अशा टाउनशिप पाडायच्या, प्रत्येकीचे एकेक चौरस मैलाचे ३६ सेक्शन करायचे आणि सोळावा सेक्शन शाळांसाठी राखायचा. शाळा त्या सोळाव्यातच असणार असं अनेकजण धरून चालतात. तसं नाही. ती जमीन विकून किंवा खंडानं देऊन पैसा उभा करायचा. इमारत मात्र पोरांना चालत गाठता येईल अशा जागी, बहुधा कुणा शेतकऱ्यानं दिलेल्या तुकड्यावर. म्हणून या शाळा मैलामैलांवर विखुरलेल्या सापडतात.

कॅन्ससच्या चेस काउंटीतली लोअर फॉक्स क्रीक शाळा जरूर बघा. फ्लिंट हिल्समध्ये मातीचा थर पातळ, खाली चुनखडी आणि गारगोटी. नांगर चालेना, म्हणून मूळचं उंच गवत टिकलं. आणि दगड हाताशी, म्हणून १८८२ ची ही शाळा दगडी झाली. १९३० मध्ये ती बंद पडली. आत आठही इयत्ता एकत्र बसत. बाई एकेका इयत्तेला पुढच्या बाकावर बोलावून धडा म्हणून घेत, बाकीचे आपापला अभ्यास करत. म्हणजे धाकट्यांच्या कानावर थोरल्यांचे धडे आयतेच पडत. माझ्या मते ही पद्धत नाइलाजातून आली, पण वाईट नव्हती. आपल्याकडच्या एकशिक्षकी शाळांतल्या गुरुजींना हे वेगळं सांगायला नको. पाण्याला मात्र एक बादली आणि सगळ्यांत मिळून एकच पेला. क्षयाच्या धास्तीनं कॅन्ससनं १९०९ मध्ये अशा सामाईक पेल्यावर बंदी आणली.

नेब्रास्कात बिॲट्रिसजवळ फ्रीमन शाळा आहे, विटांची. १८७२ ते १९६७ ती चालू होती. शेजारच्या डॅनियल फ्रीमननी १ जानेवारी १८६३ ला, होमस्टेड कायदा (वस्ती करून कसणाऱ्याला सरकारी जमीन देणारा) लागू झाला त्याच दिवशी, जमिनीवर हक्क नोंदवला होता. पुढे शाळेतल्या बाई वर्गात बायबल वाचतात, प्रार्थना घेतात, म्हणून हा माणूस कोर्टात गेला आणि १९०२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकला. एवढ्याशा खोलीतून केवढा खटला!

या दोन्ही जागा आज राष्ट्रीय उद्यान खात्याच्या देखरेखीखाली आहेत. तिथे परवानगीशिवाय डबा ठेवता येत नाही. अशा ठिकाणी खेळाचा दुसरा प्रकार शोभतो, व्हर्च्युअल कॅश, म्हणजे ज्यात डबाच नसतो: तिथे जाऊन पाटी वाचल्याशिवाय देता येणार नाही अशा प्रश्नाचं उत्तर पाठवायचं.

रस्ते सुधारले, शाळेच्या बस आल्या, तशा या शाळा मोठ्या शाळांत विलीन झाल्या. खोल्या विकल्या गेल्या. कुठे धान्याचं कोठार झालं, कुठे घर, कुठे मतदान केंद्र. जिथे काहीच उरलं नाही तिथे सरकारी सर्वेक्षणाचे जुने नकाशे काढा. छोटा काळा चौकोन आणि त्यावर निशाण ही त्यांतली शाळेची खूण. ती जागा नव्या नकाशावर जुळवा आणि जा. हातपंप किंवा जोत्याचे दगड मिळण्याची शक्यता असते. जमीन आता खाजगी असणार, तेव्हा कुंपणाशी थांबून आधी मालकाला विचारा. डबा ठेवायचा असेल तर परवानगीही तिथेच मागून घ्या, आणि पुरू नका. मालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय ते खेळाच्या नियमात बसत नाही.