हुतात्मा स्मारकाची डागडुजी दिवाळीनंतर

श्रोतेहो, नमस्कार.

१७ सप्टेंबर जवळ आला की मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत चौकातल्या हुतात्मा स्मारकाकडे सगळ्यांचं लक्ष जातं. १९४८ साली याच दिवशी निजामानं शरणागती जाहीर केली. त्या दिवसासाठी स्मारक उजळायलाच हवं. पण आठ दिवस आधी ऑइलपेंटचे डबे आणून नव्हे. ओल्या दगडावर तो रंग बसला की आतली ओल कोंडते आणि थोड्याच महिन्यांत पापुद्रे सुटतात. मुळात आपल्या काळ्या पाषाणाला रंग हवाच कशाला?

सप्टेंबरात फक्त धुणं करा. दगड आधी खालून वर भिजवा, म्हणजे मळक्या पाण्याचे ओघळ उमटत नाहीत. मग सौम्य साबण, नायलॉनचा मऊ ब्रश आणि भरपूर साधं पाणी. तारेचा ब्रश नको. त्याचे लोखंडी कण दगडात अडकून गंजतात. संगमरवरी पाटीवर ॲसिडचा थेंबही नको, कारण संगमरवर त्यात विरघळतो आणि अक्षरांच्या कडा बोथट होतात. दिव्याच्या तेलाचा डाग असेल तर मुलतानी माती टर्पेंटाइनमध्ये कालवून बोटभर जाड लेप द्या, प्लास्टिकनं झाका, दुसऱ्या दिवशी उघडून वाळू द्या आणि लाकडी पट्टीनं काढा. एकदा पुरत नाही.

खरी डागडुजी दिवाळीनंतर, फेब्रुवारीपर्यंत. तोवर दगड सुकलेला असतो, आणि उन्हाळ्यासारखा चुना झटकन वाळून भुगाही होत नाही. चुन्याच्या जुन्या बांधकामात दर्जा, म्हणजे दगडांमधल्या फटी, सिमेंटनं भरू नका, पाणी आत अडकतं. एक भाग चुना, तीन भाग धुतलेली वाळू, आणि आठवडाभर ओलं गोणपाट. दर्जेतलं पिंपळाचं रोप कोवळं असतानाच मुळासकट काढा. पाटीचे कोपरे उडाले असतील तर आतले लोखंडी खिळे गंजून फुगलेत, असं समजा. तिथं स्टेनलेस स्टील किंवा पितळ वापरा.

सगळ्यात जपायचं ते नावांना. कोरलेल्या अनुस्वारात धूळ बसली की अक्षरं रंगवताना रंगाऱ्याला तो दिसत नाही आणि हुतात्म्याचं नावच बदलतं. म्हणून आधी पाटीचे फोटो काढा, तिरप्या उजेडात. कागद ठेवून पेन्सिल घासली तर पुसट अक्षरंही उमटतात. रंग झाल्यावर दोघांनी मिळून एकेक नाव मोठ्यानं वाचून यादीशी ताडावं. गुत्तेदाराचं बिल त्यानंतरच काढावं.