आवरणाऱ्या पेशी

अमेरिकेतलं टेनेसी राज्य. ओक रिज. १९४० चं दशक. किरणोत्साराचे परिणाम अभ्यासण्यासाठी इथल्या प्रयोगशाळेत उंदीर पाळले जात. त्यात काही नर पिल्लं विचित्र निघाली. कातडीला खपल्या, प्लीहा सुजलेली, आयुष्य जेमतेम काही आठवड्यांचं. जंतुसंसर्ग नव्हता. त्यांच्याच टी पेशी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी, त्यांच्या अवयवांवर तुटून पडत होत्या. पण हे उमगायला १९९० चं दशक उजाडलं.

तिकडे जपानमध्ये शास्त्रज्ञ शिमोन साकागुचींना वेगळंच कोडं पडलं होतं. टी पेशी थायमस ग्रंथीत घडतात. जन्मानंतर तिसऱ्या दिवशी पिल्लाची ही ग्रंथी काढली, तर प्रतिकारशक्ती लंगडी पडायला हवी. उलट ती बेफाम व्हायची! साकागुचींनी अशा पिल्लांना निरोगी उंदरांच्या टी पेशी टोचल्या. आजार टळला. म्हणजे टी पेशींमध्येच इतरांना आवरणाऱ्या काही असणार.

पण हे बोलायची ती वेळ नव्हती. ‘दमन करणाऱ्या टी पेशी’ ही कल्पना सत्तरच्या दशकात गाजली आणि पुरावे टिकेनात म्हणून बदनामही झाली. नाव काढलं तरी लोक नाकं मुरडत. साकागुची मात्र हटले नाहीत. १९९५ मध्ये त्यांनी या पेशींची खूण दाखवली: पृष्ठभागावरचं सीडी-२५ हे प्रथिन.

आता पुन्हा ओक रिजची ती आजारी पिल्लं. अमेरिकेतल्या एका औषध कंपनीत मेरी ब्रंकॉ आणि फ्रेड रॅम्सडेल त्यांच्या एक्स गुणसूत्रातला दोष शोधत होते. संशयित जनुकं वीस. एकेक तपासत गेले, आणि दोष सापडला तो नेमका विसाव्यात! त्याचं नाव फॉक्स-पी-३. २००१ मध्ये त्यांनी दाखवलं, की मुलग्यांमधला आयपेक्स हा दुर्मीळ, गंभीर आजारही याच जनुकातल्या बिघाडानं होतो. दोनच वर्षांत दुवा जुळला: साकागुचींच्या पेशी घडतात त्या याच जनुकाच्या हुकुमावर. २०२५ चं वैद्यकाचं नोबेल या तिघांना मिळालं.

या पेशींना आता ‘नियामक टी पेशी’ म्हणतात. त्या इतरांना आवरतात कशा? टी पेशींना वाढायला इंटरल्यूकिन-२ हा संदेश लागतो. सीडी-२५ हा तो पकडणारा भाग. नियामक पेशींवर तो भरपूर असतो, त्यामुळे बराचसा संदेश त्याच गिळून टाकतात. दुसरी युक्ती मला जास्त आवडते. प्रतिकारशक्तीतल्याच डेंड्रायटिक पेशी टी पेशींना चिथावतात ते आपल्या पृष्ठभागावरच्या खास रेणूंनी. नियामक पेशी सीटीएलए-४ या प्रथिनाच्या मदतीनं ते रेणूच ओढून घेतात. आग लावायला आलेल्याच्या हातातली काडीच काढून घ्यावी, तसं.

कर्करोगाची गाठ याचाच फायदा घेते आणि या पेशी स्वतःभोवती गोळा करते. तिथं त्या हटवायच्या, स्वप्रतिकार आजारांत, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तिथं, वाढवायच्या. वाढवण्यासाठी इंटरल्यूकिन-२ चा अगदी कमी डोस देऊन चाचण्या चालू आहेत. इतक्या थोड्या औषधावर पहिला डल्ला नियामक पेशीच मारतात.