ओरांगउटान न बघता ओरांगउटान कसे मोजतात?

हा फोटो नीट बघा. उंच झाड, आणि वर फांद्यांच्या बेचक्यात पानांचा विस्कटलेला ढिगारा. प्राणी कुठेच नाही. पण बोर्निओच्या जंगलात ओरांगउटानांची गणती होते ती याच ढिगाऱ्यांवरून. ते घरटं आहे. ओरांगउटान रोज संध्याकाळी फांद्या वाकवून झोपायला बहुतेक वेळा नवं घरटं बांधतो. तो स्वतः पानांआड गुपचूप बसतो, घरटं मात्र मागे उरतं.

आजचं जंगल आहे डेरामाकोट. बोर्निओ बेटावरच्या मलेशियाच्या सबाह राज्यातलं, साधारण ५५ हजार हेक्टरचं. इथे लाकूडतोड चालते, पण कुठलं झाड तोडायचं आणि ते कुठल्या बाजूला पाडायचं हे आधी ठरवून. १९९७ साली या जंगलाला एफएससीचं, म्हणजे जंगल सांभाळून लाकूड काढलं जातं हे तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं, प्रमाणपत्र मिळालं.

मग अशा जंगलात ओरांगउटान कशाला मोजायचे, अभयारण्यात मोजा की! मलाही आधी असंच वाटायचं. पण सबाहमध्ये हेलिकॉप्टरमधून घरटी मोजली गेली, त्याचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. राज्यात अंदाजे ११ हजार ओरांगउटान, आणि त्यातले निम्म्याहून जास्त संरक्षित क्षेत्राच्या बाहेर! म्हणजे लाकूडतोडीच्या जंगलाकडे पाठ फिरवली, तर निम्म्याहून जास्त ओरांगउटान आपल्या हिशेबातूनच जातात.

आता जमिनीवरून मोजणी. सरळ रेषेत चालायचं, मान वर, आणि दिसेल त्या घरट्याचं रेषेपासूनचं अंतर लिहायचं. लांबची घरटी नजरेतून सुटतात, त्यांचा अंदाज या अंतरांवरून बांधतात. समजा एका चौरस किलोमीटरमध्ये १८० घरटी निघाली. तर ओरांगउटान किती? जवळपास एक! कारण घरटं मोडून नाहीसं व्हायला, समजा, २०० दिवस लागतात. रोज एक घरटं, म्हणजे एकाच जनावराची २०० घरटी झाडांवर लटकलेली. शिवाय लहान पिल्लं आईजवळच झोपतात, म्हणून दहातले नऊच घरटी बांधतात असं धरायचं. नऊ दशांश गुणिले २००, झाले १८०.

खरी गोम त्या २०० मध्ये आहे. लाकूड कुठलं, पाऊस किती, यावर घरट्याचं आयुष्य बदलतं. ते ४०० दिवस धरलं, तर तीच घरटी मोजून ओरांगउटान अर्धेच भरतील. म्हणून ‘संख्या वाढली’ अशी बातमी आली की मी आधी विचारतो, घरटं किती दिवस टिकतं हे त्याच जंगलात तपासलं होतं का?

बाकीच्या प्राण्यांसाठी झाडांना कॅमेरे बांधतात. बोर्निओतल्या पाचही जातींची रानमांजरं डेरामाकोटमध्ये आहेत. आणि जळवा! पावसाळ्यात सह्याद्रीत हिंडलेल्यांना त्या चांगल्याच माहीत. इथे मात्र संशोधक त्या मुद्दाम गोळा करतात. पोटातल्या रक्ताच्या डीएनएवरून जळू कुणाला चावली होती ते कळतं.

पण ओरांगउटानाच्या बाबतीत एका गणतीवर माझं समाधान होत नाही. मादीच्या दोन पिल्लांमध्ये सात-आठ वर्षांचं अंतर असतं. जंगल बिघडलं तरी मोठी जनावरं तग धरतात, घरटी दिसत राहतात, आणि पिल्लं कमी झाल्याचं आकड्यात उमटेपर्यंत वर्षं निघून जातात. म्हणून त्याच रेषेवरून, तशीच मान वर करून, पुन्हा पुन्हा चालावं लागतं.